बिनगोळीची पेटी

आबा, आतापर्यंत घरात आलं ते असं. एक टीव्ही, त्रेचाळीस इंची, कोणाचा तरी जुना, अकरा हजार. दुसरा एक लहान पडदा, अडीच हजार. कॉम्प्युटर, तोही वापरलेला, अठ्ठावीस हजार, आणि त्यात बसवायचं एक कार्ड वेगळं, त्याची किंमत मी विचारून विचारून थकले तरी ह्यांनी सांगितली नाही, शेवटी मी खोक्यावरची पावती वाचली. प्लायवूड टेंपोभाड्यासकट सहा हजार. बटणं, वायरी, स्प्रिंगचा एक दांडा आणि चार लोखंडी पाय, त्यातला एक आखूड. काच कर्जतला कापायला टाकली आहे, ती यायची आहे. पडवीत पाय ठेवायला जागा नाही. म्हशीच्या पेंडीची पोती मी स्वयंपाकघरात आणून ठेवली आहेत. आणि ज्या वस्तूसाठी हे सगळं आलं, ती वस्तू काही अजून आलेली नाही.

तुम्हाला मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी काय बडबडतेय. जुन्या हायवेला, आपल्या लोधिवलीच्या अलीकडे, आता एक रिसॉर्ट झालं आहे. तिथे नातीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, ते शेलूला नव्या बिल्डिंगमध्ये राहतात. आम्हालाही नेलं होतं. तिथे कोपऱ्यात एक पेटी होती, चार पायांची, वर काच, मागे उभा पडदा. दोन्ही बाजूंना बटणं. गोळी वरून घरंगळत येते, इथे आपटते, तिथे आपटते, दिवे लागतात, आणि खाली पडायच्या आत बटण दाबून दोन पात्यांनी तिला परत वर मारायची. पिनबॉल म्हणतात. पोरगी तिथून हलेना. केक कापून झाला तरी हिचं आपलं खटाखट चालूच. आणि हे, माझे यजमान, पेटीच्या खाली वाकून बघत होते. बोटाने ठोकून बघितली. मग नातीला म्हणाले, "ही मी घरी करंन."

आबा, तुमच्या जावयाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्याला वर्ष होऊन गेलं. खोपोलीच्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून काम केलेला माणूस, घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. जेवायला वाढलं तर जेवायचं. "मीठ बरं हाय का?" विचारलं तर मान हलवायची. संध्याकाळची आरती मी एकटी म्हणत होते, टाळ त्यांच्या मांडीवर नुसता पडलेला. तेव्हा त्या दिवशी "करंन" म्हणाले, ते ऐकून मी रिसॉर्टच्या त्या गोंगाटात मनातल्या मनात हात जोडले. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला काय ठाऊक!

मुलगा म्हणाला, आई, अशी पेटी तयार मिळते. त्याने फोन लावून दिला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता.

"काकू, काही करायचं नाही. आणून ठेवतो, प्लग लावला की सुरू. शेकडो खेळ एकाच मशीनमध्ये."

"आणि केवढ्याला?"

"एक पासष्ट. वाहतूक वेगळी."

मी म्हटलं, "एवढे पैसे देऊन आत गोळी तरी कसली आहे? पोलादी आहे का?"

"नाही काकू, गोळी नसते."

"म्हणजे?"

"गोळी स्क्रीनवर दिसते. खरी नसते. व्हर्च्युअल आहे ना!"

मी फोन मुलाच्या हातात दिला. रिसॉर्टमध्ये मी लांब बसले होते, मला वाटलं होतं खरी गोळी आहे. एक लाख पासष्ट हजार रुपये, आणि गोळीचं नुसतं चित्र! मी हे बोलून दाखवलं तर नात म्हणते, "आजी, तू पण फोटोलाच नैवेद्य दाखवतेस की." दहा वर्षांची पोरगी. मी तिला म्हटलं, "देव फोटोत नसतो गं, फोटो आपल्यासाठी असतो." तर म्हणते, "मग गोळी पण तशीच." त्या रात्री जपाला बसले तर माळ ओढताना तिचंच बोलणं आठवत राहिलं.

तर असा हा पेच, आबा. तयार घ्यायची तर पैसे मुलगा भरणार, आणि त्याच्या डोक्यावर शेलूच्या ब्लॉकचे हप्ते आहेत, ते मला माहीत आहेत. घरी करायची तर निम्म्यात होते, पण होते कधी? हे फोनवर इंग्रजी व्हिडिओ लावून बसतात. तो गोरा माणूस काय बोलतो ते ह्यांना कळत नाही, हे नुसते त्याच्या हातांकडे बघतात. नात फोनवरून सांगते, "आजोबा, तो म्हणतोय लाल वायर आधी." हे म्हणतात, "मला दिसतंय गं." दिसतंय, तर मग परत काढता कशाला!

आणि चूक केली तीही बघा. टीव्ही त्रेचाळीस इंची म्हणून ह्यांनी पेटी आतून बरोबर त्रेचाळीस इंच लांबीची कापली. फिटर माणूस, सुताच्या फरकासाठी दुसऱ्यांना बोलणारा. टीव्ही आणून आत ठेवला तर पायथ्याशी पाच इंच जागा मोकळी. मग कळलं, टीव्हीचं माप कोपऱ्यातून कोपऱ्यात घेतात. मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला, पण ह्यांनी बघितलं. दोन दिवस बोलले नाहीत. परत तीच भिंत. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठून त्या मोकळ्या जागेत एक फळी बसवली आणि मला म्हणाले, "ह्याच्यावर तुझी पानाची तबकडी ठेव." मी पान खात नाही, आबा. तरी बरं म्हटलं.

मुलाची चिडचिड वेगळी. गणपतीला म्हणाला, "बाबा, ह्या हिशेबाने पेटी होईपर्यंत पोरगी कॉलेजात जाईल."

हे म्हणाले, "जाऊ दे. कॉलेजातून येऊन खेळंल."

"आणि प्लाय पावसात फुगला तर?"

"तुझ्या त्या आयत्या पेटीत तरी काय हाय? दाबलेला भुसा. आपल्या कडावच्या पावसात पहिली तीच फुगंल."

दोघंही बरोबर बोलतात, हाच तर ताप आहे. शेवटी मुलाने सांगून टाकलं, दसऱ्यापर्यंत थांबतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर खरेदी चांगली. तोवर ही झाली तर झाली, नाहीतर मी त्या पेटीवाल्याला ॲडव्हान्स पाठवणार. हे खाली वाकून स्क्रू वेचायला लागले. मला मात्र कळलं की तयार पेटी दारात उतरली की ही अर्धी पेटी गोठ्यात जाणार, आणि तिच्यापाठोपाठ हा माणूस परत भिंतीकडे वळणार. आणि नाही उतरली, तर पोरीला दिलेला शब्द जाणार.

तेव्हापासून मला तुमचा राग येतोय. मेलेल्या माणसावर रागावू नये, पण येतोय. लोधिवलीच्या जत्रेत एक माणूस खिळ्यांची फळी घेऊन बसायचा, आठवतं? तिरकी फळी, ओळीने खिळे, स्प्रिंगने काचेची गोटी वर सोडायची, ती टणटणत खिळ्यांमधून खाली येऊन कुठल्यातरी खणात पडायची. तो लहान फळ्या विकतही होता. मी तुमचं धोतर धरून रडले होते. तुम्ही म्हणालात, "इकतची कशाला? आपन घरी करू, बाय." आणि केलीतही सुरुवात. ओटीवर बसून सागाची फळी रंध्याने तासलीत, पेन्सिलीने खुणा केल्यात, वरच्या अर्ध्या भागात खिळे मारलेत. मी शेजारी बसून खिळे हातात देतेय. तुम्ही एक घेता, जिभेला लावता, मारता. मग लावणी आली. मग कापणी आली. मग बैल आजारी पडला.

एकदा मी म्हटलं, "आबा, अर्ध्यावर खेळू?" तुम्ही हातावर चापट मारलीत. "पुरी झाल्याबिगर हात लावायचा नाय." आपल्या घरात ती रीतच होती. घरी केलेली वस्तू पुरी झाल्याशिवाय तिला कुंकू नाही, आणि दसऱ्याला कुंकू लागल्याशिवाय ती वापरायची नाही. नांगर असो, खाट असो, सूप असो. प्रत्येक दसऱ्याला मी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन तुमच्या मागून फिरायचे, आणि तुम्ही त्या फळीजवळ आलात की म्हणायचात, "ही औंदा नाय." पुढच्या वर्षीही तेच. मी मॅट्रिक झाले, लग्न होऊन कडावला आले, आणि लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. ही रीत मीही इथे पाळली. माझ्या हातची गोधडी टाके पुरे होऊन दसरा उजाडेपर्यंत कोणी पांघरलेली नाही.

परवा दसरा झाला. सकाळी मी झेंडूचे हार केले. कोयत्याला, पहारीला, ह्यांच्या हत्यारांच्या पेटीला, मोटारसायकलला, पिठाच्या चक्कीला. मुलगा, सून, नात शेलूहून आली होती. पेटी पडवीत उभी. पाय लावलेले नाहीत, कारण एक आखूड. म्हणून दोन स्टुलांवर ठेवलेली. काच नाही. उजवं बटण दाबलं की पडद्यावरचं उजवं पातं उडतं, डावं बटण दाबलं की काहीच होत नाही. त्याचा एक सुटा भाग यायचा आहे, कुरियरवाला रोज उद्या म्हणतो. मुलगा हातात फोन घेऊन उभा. हे पेटीच्या मागे, मान खाली घालून, हातातलं कापड उगाच घडी घालत. नातीने विचारलं, "आजोबा, झाली?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "औंदा नाय, बाय."

आबा, तुमचेच शब्द, तुमच्याच तालात. मला काय झालं सांगता येत नाही. मी पुढे झाले, बोट कुंकवात बुडवलं आणि त्या अर्ध्या पेटीच्या कपाळाला, म्हणजे जिथे कपाळ असतं असं वाटलं तिथे, ओढलं. हळद लावली. अक्षता टाकणार तर हे ओरडले, "अगं, तांदूळ नको, आत जातील!" म्हणून आपट्याचं पान ठेवलं, चुकीने उरलेल्या जागेतल्या त्या फळीवर. आणि नातीला म्हटलं, "खेळ."

"अगं, पुरी कुठं झाली हाय?" हे म्हणाले.

"नसू दे."

नात एका हाताने खेळायला लागली. गोळी डावीकडे गेली की गेलीच. ती किंचाळायची, "आजोबा, परत डावीकडून पडली!" आणि हे म्हणायचे, "उजवीकडं वळव ना तिला, पेटीला जरा धक्का दे, कंबरेनं!" पोरीने इतका जोरात धक्का दिला की स्टूल सरकलं आणि मुलाने फोन खिशात टाकून पेटी धरली. मग धरूनच उभा राहिला. "आता माझी पाळी," म्हणाला. ॲडव्हान्सचं त्याने त्या दिवशी काढलं नाही. आज सकाळी फोनवर म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू. म्हणजे ताप मिटलेला नाही, नुसता पुढे ढकललाय. पडवी तशीच भरलेली आहे. मघाशी मी भांडी घासत होते तर हे आतून विचारतात, "कुरियरवाला आला का गं?" ऑपरेशननंतर असं मोठ्याने ते दसऱ्यापासूनच बोलायला लागलेत. मी म्हटलं, "नाय आला, आणि आला तर मी त्याला आधी झोडपीन." आतून हसण्याचा आवाज आला.

पण मग माझ्या बाबतीत तुम्ही असं का केलं नाहीत, आबा? अर्ध्या खिळ्यांवर गोटी काय घरंगळली नसती? वरच्या भागात टणटणली असती, खाली सरळ पडली असती. मला तेवढं पुरलं असतं. देव काही रागावला नसता, परवा तर रागावलेला दिसला नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवीन, उदबत्तीच्या पुड्यांखाली. एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यावर वहिनी ती फळी चुलीत घालणार होती. मी ती कडावला आणली, आणि तेव्हापासून ती माझ्या तांदळाच्या कोठीवर झाकण म्हणून आहे, खिळे आतल्या बाजूला करून. सागाची आहे, कीड लागत नाही, टाकायची कशाला, असं सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. काल दुपारी सगळे झोपलेले असताना मी ती उलटी केली, पाटावर तिरकी टेकवली आणि नातीची एक गोटी वरून सोडली. अर्ध्यापर्यंत फार छान वाजली. त्या आवाजाने हे उठून आले. म्हणतात, पेटी झाली की तुझी फळी पुरी करतो. पण खाली तुमच्या पेन्सिलीच्या खुणा पुसून गेल्या आहेत. तेव्हा उलट टपाली एवढंच कळवा, उरलेले खिळे कुठे मारायचे होते.