ट्रायँगल कुठे गेला?

४ मार्च, सकाळ
ट्रायँगल गायब. ऑर्केस्ट्राच्या त्या जुन्या रेकॉर्डवर दुसऱ्या बाजूला तो वाजतो, ते छोटं तीनकोनी लोखंडी वाद्य. टिंग, टिंग. पूर्वी अगदी खोलीत कुणी वाजवल्यासारखा. आज नाही. सुई बदलली. रेकॉर्ड धुतली. नाही म्हणजे नाही.
निष्कर्ष: स्पीकरच्या वायरी थकल्या.
एव्हरिल म्हणाली, वायर थकत नाही क्लेम, माणूस थकतो. बायकोला हायफायमधलं काही कळत नाही. नवी वायर मागवली.

९ मार्च
वायर आली. बागेतल्या नळीएवढी जाड. दिवसभर स्पीकरमागे रांगून जोडली. फरक जबरदस्त! ट्रायँगल अजून नाही, पण तो जिथे असायला हवा तिथली शांतता फार स्वच्छ ऐकू येते. वरच्या स्वरांचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आवाजही थोडा वाढवला.
शेजारचा फर्गस कुंपणाशी येऊन बराच वेळ बोलला, हातवारे करत. मी म्हटलं, थँक यू, कधीही ऐकायला ये. नंतर एव्हरिलकडून कळलं की तो तक्रार घेऊन आला होता. म्हणे आमच्या घरातून किंचाळी येते आणि त्याची कुत्री दुपारभर रडते.
कुत्र्यांना संगीत कळत नाही, हे माझं जुनं मत.

१५ मार्च
आमच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्या श्रवण मंडळाची बैठक ग्वेंडाकडे. मी अध्यक्ष, म्हणून शेवटचा शब्द माझा. ग्वेंडानं आयुष्यभर चेलो शिकवला, त्यामुळे ती स्वतःला फार समजते. चहाच्या वेळी तिनं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, हो, केक मस्त झालाय. मग तिनं मोठ्यानं विचारलं, "क्लेम, कान शेवटचे कधी तपासलेस?"
माझे कान! लाकूड गिरणीत जन्म गेला माझा करवतीशेजारी. करवतीचा एक दात बोथट झाला तरी नुसत्या आवाजावरून सांगायचो. एवढ्या आवाजात कान घडतात, बिघडत नाहीत.
ठरलं. तपासून घेणार. सर्टिफिकेट आणून ग्वेंडाच्या चेलोवर चिकटवणार.

२१ मार्च
तपासणी झाली. बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आली की दाबायचं. हेडफोन अगदीच सामान्य दर्जाचा. तरी ताल ओळखून नेटानं दाबत राहिलो.
तपासणारी मुलगी निकोलेट. उगाच हसरी. म्हणाली, "मिस्टर रज, मी काहीच वाजवत नव्हते तेव्हाही तुम्ही दाबत होता."
आलेख दाखवला. रेघ डावीकडे, खालच्या स्वरांपाशी, बरी, उजवीकडे समुद्रकाठच्या कड्यासारखी सरळ खाली. वरचे स्वर दोन्ही कानांतून गेले, परत यायचे नाहीत. कानाचं मशीन लावलं तर निदान बोलणं नीट कळेल, म्हणाली. मी विचारलं, हेडफोन कुठला वापरता? ती काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.
घरी सांगितलं, खालचे स्वर उत्तम आहेत. यात खोटं काही नाही.

२ एप्रिल, बैठकीनंतर
आज मंडळ आमच्याकडे. एव्हरिलनं स्कॅलप पाय केले होते, आत शिंपल्यांचं सारण भरून भाजलेले. मी उभा राहून वायरीवर बोललो. दिवा मंद केला, रेकॉर्ड लावली, डोळे मिटले. म्हणालो, "हवा ऐका. वाद्यांभोवतीची हवा."
डोळे उघडले तर दोघांनी कानांवर हात ठेवलेले. ग्वेंडा उजव्या स्पीकरच्या मागे गुडघ्यांवर. म्हणाली, "अरे, याचा वरच्या स्वरांचा भोंगा जोडलेलाच नाही. आणि डावा बघ कसा किंचाळतोय!"
सगळे एकदम स्कॅलप पाय खाऊ लागले. मी म्हटलं, मुद्दाम ठेवलं होतं तसं, कुणाला कळतंय ते बघत होतो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
निघताना ग्वेंडानं खांद्यावर हात ठेवून हळूच काही सांगितलं. काय, ते विचारलं नाही.
अध्यक्षपद सोडावं का? नको. मंडळ बुडेल.

११ एप्रिल
सकाळी दारात व्हॅन. दोन माणसं पलंग उचलून थेट माझ्या संगीताच्या खोलीत. मागून काठी टेकत मेहुणी, थोरा. समुद्रापलीकडच्या मेनलँडहून आमच्या बेटावर बोटीनं आलेली.
एव्हरिलला बाजूला घेऊन विचारलं, हे काय?
"अरे, विचारलं नव्हतं का तुला? तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिकडे घरात जिना, एकटी कशी राहणार ती? म्हटलं, तुझ्या खोलीत ठेवू का? तू म्हणालास, हो हो, ठेव की." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या पटकन हो म्हणशील असं वाटलंच नव्हतं रे."
म्हटलं, मग, यायलाच हवं होतं तिनं.
मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.
स्पीकर गॅरेजमध्ये हलवले. तिथेच बसलो, काही न वाजवता. आणखी कशाकशाला हो म्हणून बसलो असेन? मागच्या आठवड्यात आमची मुलगी फोनवर बराच वेळ बोलत होती. मी सगळ्याला छान छान म्हणालो.
निकोलेटला फोन लावला. ती काय म्हणते ते कळेना, म्हणून स्वतःच गेलो.

२९ एप्रिल
मशीनं लावली. केवळ प्रयोग म्हणून.
फ्रिज घोंघावतो. चालताना पँट सळसळते. टोस्ट खाणं म्हणजे वाळूत फावडं मारणं. गॅरेजमध्ये सिस्टीम लावली आणि उडालोच. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज! हे मी लोकांना ऐकवत होतो? वरच्या स्वरांचं बटण गुपचूप मध्यावर आणलं. फर्गस कुंपणापलीकडून म्हणाला, "हां, आता कसं!" पहिल्यांदाच त्याचं पूर्ण वाक्य कळलं.
ट्रायँगल नाहीच. रेकॉर्ड झिजली असावी.

४ मे, दुपार
चहाचे रिकामे कप घेऊन स्वयंपाकघराकडे निघालो. दार अर्धं उघडं. आतून एव्हरिलचा आवाज, लख्ख.
"अगं, तेव्हा त्याला कुठलं ऐकू जात होतं! रेकॉर्ड दणादणा चालू असताना मुद्दाम विचारलं मी. एरवी ती खोली त्यानं राजाला दिली नसती."
थोरानं विचारलं, "आणि मग ते रडणं?"
"ते खरं होतं. त्यानं तेव्हा माझं बिंग ओळखलं असतं तर काय, या भीतीनंच रडू आलं."
तडक आत जायचं ठरवलं. वाक्यही तयार केलं. खोली परत, आजच्या आज.
तेवढ्यात एव्हरिल हसली. तिचं हसू वर वर चढत जातं आणि टोकाला जाऊन फुटतं. मी विसरलोच होतो. इतकी वर्षं वाटत होतं, वय झालं, हिचं हसणं कमी झालं.
कप हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. ती पुन्हा हसली. वाक्य विसरलो.
मग कानात दोनदा टुकटुक झालं आणि सगळं बंद. चार्जिंग संपलं. दारातून दोघींची तोंडं हलताना दिसत होती, नुसती हलताना. कप जमिनीवर ठेवले आणि चार्जर आणायला गॅरेजकडे जवळजवळ धावलो.
मशीनं थोडी चार्ज करून परत आलो, तोवर हसणं संपून दोघी टीव्हीवर फुटबॉल बघत होत्या.