इंद्रवज्रातली सावली

सातपूर, नाशिक

प्रिय ज्योत्स्ना,

तू आभाच्या बाळंतपणाला नागपूरला गेलीस आणि गच्ची मुकी झाली. नाहीतर रोज संध्याकाळी तुझी हाक, "अहो, ढग काही पळून जात नाहीत, चहा निवतोय!" मी म्हणायचो, पळूनच तर जातात. तू कपाळाला हात लावायचीस. जन्मभर पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड केलेल्या माणसाने साठीत ढगांचे फोटो काढत हिंडावं, हे तुला कधी पटलंच नाही.

तर बातमी ऐक. आपल्या सप्तशृंगी गडावरच्या फोटोला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला! आठवते ना ती सकाळ? पाठीशी कोवळं ऊन, पुढ्यात दरीभर ढग, त्या ढगांवर आपल्या दोघांच्या सावल्या आणि भोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं. इंद्रवज्र म्हणतात त्याला. मी कानटोपी सावरत नुसता नाचत होतो. तू डोक्यावरून पदर घट्ट ओढलास, म्हणालीस, "आणा इकडे, मीपण एक काढते," आणि कॅमेरा हिसकावून घेतलास. घरी आल्यावर त्यातला सगळ्यात देखणा फोटो मी निवडला आणि माझ्या नावाने पाठवला. माझाच असणार, दुसरा विचार मनाला शिवलाही नाही. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं नाव भिंतीवर चौकटीखाली लागणार! माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

निकालाच्या दिवशी हॉलमध्ये ही गर्दी. माझे कान तुला ठाऊक आहेत, मोटारीचं बेअरिंग जायच्या आधीच त्याची कुरकुर ऐकणारे. दुसरा नंबर आलेला महेश खांबाआड कुजबुजला, "हा फोटो म्हाताऱ्याने काढलेलाच नाही." डोकं सणकलं. सरळ गेलो, खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "मोठ्याने बोल की बाळा, माझी बायको नागपुरात आहे, तिलाही ऐकू जाऊ दे." पोरगं गडबडलं, पण हुशार. म्हणालं, "काका, हे कडं ज्याला त्याला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. कॅमेरा ज्याच्या हातात, कडं त्याच्या सावलीला. तुम्हीच बघा."

बघितलं. उंच, कानटोपीवाली सावली बाजूला कोरडी उभी. कडं होतं ते पदर घेतलेल्या बुटक्या सावलीभोवती.

अगं, आयुष्यात एक फोटो काढलास आणि तोच पहिला! मी इतका हसलो की परीक्षक दिवाकर सर धावत आले. म्हटलं, "सर, नाव बदला. हे बक्षीस माझ्या बायकोचं." ते म्हणाले, नियम बघावे लागतील. म्हटलं, "नियम नंतर बघा, आधी फोटो बघा." तेवढ्यात महेशच पुढे झाला आणि माझ्या बाजूने भांडला. फोटो बाद झाला असता तर पहिला नंबर त्याला मिळाला असता, तरीही. सरांनी मान डोलावली आणि मी एकट्याने टाळ्या सुरू केल्या. मग सगळा हॉल!

हे फोनवर सांगितलं असतं तर "पुरे झाली थट्टा" म्हणून तू फोन ठेवला असतास. म्हणून कागदावर, सहीनिशी. आभाला सांग, तिच्या सासूबाईंसमोर मोठ्याने वाच म्हणावं. येत्या रविवारी बक्षीस समारंभ आहे. नातवाला दोन दिवस त्यांच्याकडे सोपव आणि ये. स्टेजवर तू जायचंस, मी खाली बसून फोटो काढणार. चौकटीखालची नवी पट्टी मी समोर उभं राहून लावून घेतली आहे: 'ज्योत्स्ना रंगनाथ खैरनार'. बघ, मधे मी आहेच. फोटोतल्यासारखाच, तुला चिकटून.

तुझाच, बिनकड्याचा,
रंगनाथ