गुप्तहेर बाईचं लग्न

आई, तुझी ती गुप्तहेर बाई लग्न करत नाही. पुस्तक संपलं तरी करत नाही. हे मला काल दुपारी कळलं, इथे सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मेथी निवडताना. तुझ्या नातीला यंदा युनिव्हर्सिटीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या रहस्यकथा अभ्यासाला आहेत, त्यातही पगार घेऊन तपास करणाऱ्या बायकांच्या. ती एकेक गोष्ट सांगायला लागली आणि मी मेथी तशीच ठेवली, कारण तीच ती करड्या टोपीतली लंडनची बाई, तेच शिवणकामाच्या निमित्तानं बड्या घरात शिरणं आणि मोलकरणींकडून बातमी काढणं. मी ऐटीत म्हटलं, मला सगळं पाठ आहे, शेवटी ती नोकरी सोडून लग्न करते. लेकीनं हातातल्या फोनमधून मान वर केली आणि तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "नो लाह, आई. ती क्विट नाही करत. लास्ट पेजवर बॉस तिला नवी केस देतो आणि ती ट्रेन पकडायला जाते. हू टोल्ड यू?"

तू सांगितलंस. शाळेत इंग्रजी शिकवायचीस आणि शनिवारी घरी आलीस की पोळ्या लाटता लाटता ते पुस्तक मला मराठीतून सांगायचीस. मी ओट्याशेजारी स्टुलावर. बाई शेगडीतली राख चिमटीत धरून बघतेय आणि इकडे तुझी पोळी तव्यावर करपतेय. म्हणायचीस, बघ, कुणाची बायको म्हणून नाही, कामासाठी बोलावतात तिला. शेवटची गोष्ट मात्र तू राखून ठेवली होतीस. मी विमा कंपनीत जळालेल्या गोदामांची पाहणी करायला लागले ते त्या बाईपायीच. पिंपरीच्या एका गोदामात आग दाराशी नाही, आतल्या कोपऱ्यात लागली हे मी भिंतीवरच्या काजळीवरून दाखवून दिलं, तेव्हा तू शेजारणींना बोलावून पेढे दिलेस.

मग माझं लग्न ठरलं. मुलाची नोकरी सिंगापूरची. मी म्हटलं, वर्षभर पुण्यात राहून काम करते, मग बघू. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी तू मला चहा दिलास, समोर बसलीस आणि म्हणालीस, "तुझी शेवटची गोष्ट राहिलीय ना. ऐक. तिला एक भला माणूस भेटतो आणि ती आपणहून काम सोडते. ती हरली असं कुणी म्हणत नाही." तू नुसती रागावली असतीस तर मी भांडले असते, कदाचित जिंकलेही असते. पण तीच सोडते म्हटल्यावर मी कुणाशी भांडणार? सोमवारी राजीनामा दिला आणि महिन्याभरात डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर, इथे आले. पुढे पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, मिळाल्यावर हार्बरफ्रंटच्या एका विमा कंपनीत मुलाखतीला गेले. समोरच्या बाईंनी विचारलं, मधली बारा वर्षं काय केलंत. घर, म्हटलं. त्यांनी छान हसून फाइल मिटली.

तुला जाऊन सोळा वर्षं झाली, आता जाब कुणाला विचारू? बाबांना घाबरली असशील, ठरलेलं लग्न मोडलं तर चार लोक काय म्हणतील याला घाबरली असशील, ते कळतं मला. मग ती भीतीच सांगायची होतीस. केसानं गळा कापलास, आई, आणि तोही माझ्या सगळ्यात लाडक्या त्या गुप्तहेर बाईच्या हातून. मी कालपासून चिडलेय आणि राग उतरत नाहीये.

लेकीनं अजून एक विचारलं. पुस्तक घरातच होतं, इंग्रजी मला येत होतं, मग मी स्वतः का नाही वाचलं? वेळ नव्हता, म्हटलं. तिला पटलं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, तेव्हा इथे खरं लिहिते. राजीनाम्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, तू देवळात गेलीस तेव्हा मी ते पुस्तक कपाटातून काढलं होतं. शेवटची गोष्ट उघडली, पहिली ओळ वाचली, आणि पुस्तक मिटून होतं तिथे ठेवून दिलं. शेवट तू बदलला असशील, असा मला तेव्हाच संशय आला होता.