मंडईतला सर्वांत गरम रिकामा गाळा

तीर्थरूप मेई-युन आत्या,

कीलुंगहून थिंग-वेईचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे ताइचुंगच्या कोरड्या हवेला रुळले असतील आणि ज्वेन-मिंगदादाची बायको तुला अजून स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसेल, असं धरून चालतो. (देत असेल, तर मला तिची काळजी वाटते.) इथे पाऊस आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

जुनी मंडई पाडली म्हणून रागावून तू दादाकडे निघून गेलीस आणि नेमकी नव्या मंडईच्या तपासणीवर माझी नेमणूक झाली. काम सरळ आहे. इमारत बांधण्याआधी ती संगणकात जशीच्या तशी बांधलेली असते. खांब, नळ, पंखे, इतकंच काय, गिऱ्हाइकंसुद्धा (करडी, बिनतोंडाची, घासाघीस न करणारी). खरी इमारत त्या मॉडेलसारखी वागते का ते बघायचं, वागली की किल्ल्या द्यायच्या. सगळे गाळे शहाण्यासारखे वागले. कोपऱ्यातला एकच बिनसला, तोही अजून कुणी न घेतलेला. मॉडेल म्हणे तो सगळ्यात थंड. सेन्सर म्हणे सगळ्यात गरम.

मी सेन्सर बदलला. छतातल्या हवेच्या नळीत डोकं घातलं (ते बाहेर काढायला दोन माणसं लागली). मग वारा कुठून कुठे जातो ते बघायला नाटकात सोडतात तसला पांढरा धूर सोडला. तुझ्या शेजारच्या खेकडेवाल्या स्यो काकू सामान लावायला आल्या होत्या, त्या "आग लागली" म्हणत टोपलीसकट रस्त्यावर, आणि मागोमाग बंब हजर. आमच्या साहेब कुओ बाई एवढंच म्हणाल्या, "गाळा तरी थंड कर, नाहीतर मॉडेल तरी सुधार."

शेवटी एका दुपारी मी खांबाआड उभा राहिलो. मांडामांड थांबली तशा एकेक गाळेवाल्या आल्या, शेगडी पेटवली, किटली चढवली आणि त्या रिकाम्या गाळ्यात गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"स्वतःचे गाळे सोडून इथे का?" मी विचारलं.

"मग कुठे? दुपारी तुझ्या आत्याकडेच बसतात," स्यो काकू म्हणाल्या. "जुन्या मंडईतही हा कोपरा तिचाच होता."

"पण ती नाहीये."

"ते दिसतंय की आम्हाला. बस, चहा घे."

बसलो. शाळेतून आल्यावर तुझ्या फळीवर मी गणितं सोडवायचो, सुपाच्या वाफेनं वहीची पानं मऊ पडायची आणि तू माझ्या तोंडात माशाचा उकळता गोळा कोंबायचीस, फुंकर मारायलाही उसंत न देता. पत्र्याच्या फटीतून बंदराचा वारा यायचा, डिझेलच्या वासाचा. (तो वारा आमच्या मॉडेलमध्ये घालायला कुणाला सुचलं नाही.) चहा बराच वेळ हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मॉडेलमधल्या त्या गाळ्यात मी एक उकळतं पातेलं, चारपाच बायका आणि एक आत्या घातली. आकडे लगेच जुळले.

"ही कोण?" कुओ बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"माशाच्या गोळ्यांचं सूप विकते."

"करार झालाय?"

"होतोय," मी म्हणालो. त्यांनी सही केली.

थंडीचं गुडघे झाकून बस.

तुझा भाचा,
थिंग-वेई

ता. क. तेवढा करार करायला ये. महिनाअखेरीस गाळा एका मोबाइलच्या कव्हरवाल्याला जाईल.

आणखी एक. स्यो काकूंनी परवापासून तिथे तुझं सूप करायला घेतलंय. मला चाखवलं आणि म्हणाल्या, "तिच्यापेक्षा बरं झालंय ना? पण तिला कळवू नकोस हं." मी हो म्हणालो. नेमकं कशाला, ते इथे येऊन विचार.