पहिला पानगा

आई, सहस्रकुंडला जायचं ठरतंय. म्हणजे मी ठरवलेलं नाही, मला नेणार आहेत. तुझ्या घाटंजीच्या होस्टेलच्या मुली, तू वॉर्डनबाई होतीस तेव्हाच्या. त्या आता मुली राहिलेल्या नाहीत, कुणाला सुना आल्यात, कुणाचे गुडघे गेलेत. कोजागिरी झाली, पाऊस पुरता उघडला, की या सगळ्या दोन दिवस धबधब्यापाशी तंबू ठोकून राहणार आहेत. तंबू नागपूरहून भाड्याने येतायत, वनखात्याकडे अर्ज गेलाय, एकीच्या जावयाची मोठी गाडी आहे, ती घाटंजीपासून सगळ्यांना गोळा करत निघेल. या तयारीसाठी मोबाइलवर एक ग्रुप काढलाय आणि त्याचं नाव ठेवलंय ‘बाईच्या पोरी’. त्यात सगळ्यात शेवटी मला घेतलं. लगेच कुणीतरी खाली लिहिलं, ‘ह्या ताई म्हणजे आपल्या बाईंची मुलगी, सगळ्यांनी नमस्कार करा.’ सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. ‘बाईच्या पोरी’मध्ये मी पाहुणी. मीही हात जोडले आणि फोन पालथा ठेवून दिला.

मी पोस्टात काउंटरवर असते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडते आणि त्यांनी बोलून पाठवलेलं एकेक ऐकत बसते. ऐकू नये असं रोज ठरवते. त्या तुझ्याबद्दल बोलतात, आणि ज्या बाईबद्दल बोलतात तिला मी ओळखत नाही. ती बाई म्हणे पातळ गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात पाय सोडून बसायची. माकडांच्या नकला करायची. एका वर्षी तिची एक चप्पल धारेला लागली, तेव्हा तिने दुसरीही पाण्यात फेकली आणि म्हणाली, ‘एकटीले कायले ठेवू?’ आणि पोरींबरोबर इतकी हसली की तिला उचकी लागली. ही गोष्ट ऐकताना घास माझ्या हातातच राहिला. मला त्या चपला आठवतात, आई. तू घरी आलीस तेव्हा तुझ्या पायात निळ्या पट्ट्यांच्या नव्या स्लिपरा होत्या. मी विचारलं, जुनी चप्पल कुठे गेली? तू म्हणालीस, ‘तुटली.’ एवढंच. हसणं सगळं तिकडे वाटून आलीस आणि माझ्या हातावर तेवढं ‘तुटली’ ठेवलंस. मला हेवा वाटतो त्यांचा. पन्नाशीला आलेल्या बाईला शोभत नाही, पण वाटतो.

कारण माझी आई शनिवारी संध्याकाळच्या गाडीने नेरला घरी यायची. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असायचे, आठवडाभर आम्ही दोघंच, तेच भाकरी थापायचे आणि तेच माझी रिबन बांधायचे. रविवारी तू कपडे धुवायचीस, चिवडा भाजायचीस, माझी वेणी घालताना डुलकी काढायचीस. एकदा माझ्या डोक्यात कंगवा तसाच राहिला आणि तू भिंतीला टेकून झोपलीस. मी हललेदेखील नाही, कारण तुझा हात माझ्या खांद्यावर होता. बाबांनी येऊन तुला उठवलं तेव्हा मला त्यांचा राग आला. सोमवारी पहाटे मला जाग येईपर्यंत तू गेलेली असायचीस. आणि परवा ग्रुपवर कुणी लिहिलं, की बाई दर बुधवारी ओळीने सगळ्यांच्या डोक्याला तेल लावून द्यायच्या, आणि सगळ्यात जास्त वेळ त्या लांब वेणीवालीला लागायचा.

ती लांब वेणीवाली तुला आठवतच असेल. झरीकडच्या पोडावरची, कोलामांच्या वस्तीतली, आईबाप नसलेली, दिवाळीच्या सुट्टीतही जिला न्यायला कुणी यायचं नाही. तू धबधब्याला न्यायचीस ती अशाच मुलींना. बाकीच्यांचे मामा, काका येऊन त्यांना घेऊन गेले, की उरलेल्यांची सहल निघायची. त्यातल्या एका वर्षी मी आणि बाबा तुला भेटायला घाटंजीला आलो होतो. निदान बाबा तुला भेटायला आले होते. मी माझा फ्रॉक, टॉवेल आणि बिस्किटांचा पुडा पिशवीत भरून आणला होता. होस्टेलच्या फाटकात एसटी उभी. मी सरळ चढले आणि खिडकीपाशी बसले.

अजून मला तो हात जाणवतो, दंडाला धरून उठवणारा. तू ओरडली नाहीस. हळूच म्हणालीस, ‘उतर.’ मी म्हटलं, मलेही पाह्यचं हाये पानी. तू म्हणालीस, ‘तुले घरी बाप हाये. याह्यले दिवाळीतही न्यायले कोनी येत नाही. सरक.’ मी उतरले. माझ्या खिडकीत ती लांब वेणीवाली येऊन बसली आणि गाडी सुटताना तिने मला हात केला. बाबांनी मला स्टँडवर भजी खाऊ घातली आणि समजावलं, ‘सरकारी सहल हाये बाई, घरचं पोरगं नेलं का लोक बोलतेत.’ पण शेवटचा बाक सगळा रिकामा होता, आई. तुझं म्हणणं खरंच होतं, त्यांना कुणी नव्हतं. मला ते तेव्हाही कळलं होतं. कळून काय उपयोग, पाणी तर त्यांनीच पाहिलं.

सहलीहून तू दिवाळीला घरी यायचीस आणि पिशवीतून पळसाच्या वाळक्या पानांत गुंडाळलेला एक पानगा काढून माझ्यापुढे ठेवायचीस. धबधब्यापाशी तुम्ही गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे पानगे भाजायचात, वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर तिथेच पंगत बसायची, त्यातला हा एक. माझ्यापर्यंत येईतो तो दगड झालेला असायचा. बाबा तो खलबत्त्यात कुटून तूप-गूळ घालून द्यायचे आणि मी खायचे. मला वाटायचं, पोरींचं पोट भरल्यावर उरलेला हा. उरलेल्या आईबरोबर आलेला उरलेला पानगा. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, पण घास चावताना दर वेळी मनात यायचं.

आता ग्रुपवर कामांची वाटणी झाली. तंबूचं कुणाकडे, वांगी कुणाकडे, गोवऱ्या दारव्ह्याहून कोण आणणार. आणि पानगे? लांब वेणीवालीने बोलून पाठवलं. ती आता सरकारी दवाखान्यात मोठी नर्स आहे, आवाज असा की पुढचा माणूस आपोआप बाही वर करतो. ‘पानगे बाईची पोरगी करीन. तिच्या हाताले तीच चव असंन. काय व, येतात ना तुले?’ मला ती पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणते. खरं सांगायचं तर मला पानगे येत नाहीत. तू कधी शिकवलेच नाहीस, रविवारी कोण गोवऱ्या पेटवत बसणार? पण तिला, तिच्यासमोर, मला येत नाहीत असं कसं म्हणू? मी लिहिलं, ‘येतात की. आईनेच शिकवलेत.’

मग गच्चीवर जुन्या घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या आणि करून पाहिले. जाडसर कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, एवढं बाजारात पानं विकणाऱ्या बाईला विचारून घेतलं होतं. गोळे केले, पानांत गुंडाळले, विस्तवात टाकले. धूर असा झाला की शेजारीण वर आली. पानांचा कोळसा झाला, गोळा वरून करपला आणि आत पीठच. दोन रविवार हेच चाललं. कधी नव्हे ते तुझा इतका राग आला, की मी घमेल्यावर पाणी ओतलं आणि तिथेच राखेत बसून राहिले. माझ्या आईची एकच गोष्ट करायची होती मला तिथे, आणि तीच माझ्याजवळ नव्हती. ती कुणाजवळ आहे हेही मला माहीत होतं. शेवटी मी फोन लावला.

‘मी म्हटलंच होतं मनात,’ ती म्हणाली. ‘येतो मी रविवारी.’

आली. यवतमाळच्या माझ्या दारात गाडी लावून, हातात पळसाच्या पानांची जुडी घेऊन. वेणी आता नाही, कापून टाकलीय, पांढरे केस कानापर्यंत. मला उगाच बरं वाटलं. माझा कणकेचा गोळा पाहून कपाळावर हात मारला. ‘अवं, हे रोडगे झाले! पानगा चपटा थापत असतेत. न् पानं कोरडी घेतली तं जळनच ना. पानं आधी पान्यात बुडवून ठेवाव लागते. बाई आमाले धबधब्याच्या खालीच बुडवाले लावे.’ मागच्या अंगणात आम्ही विटा मांडल्या. गोवऱ्यांचा धूर पूर्ण जाऊ दिला, निखारा पांढुरका झाल्यावरच तिने पानगे ठेवू दिले. तळहाताने थापताना ती अंगठा आत दुमडून घेते, आई. अगदी तुझ्यासारखा. भाकरी करताना तुझा अंगठा असाच असायचा. तो तिच्या हातात होता, माझ्या नाही. मी मान वळवली.

विस्तवाकडे बघत ती बोलायला लागली. ‘तुले माहीत नाही, तुयाशी आमची दुश्मनीच होती. पहिला पानगा निंगाला का आमी साऱ्या टपून बसो. भूक असी लागे का काय सांगू. न् बाई म्हने, हात नका लावू, तो नेरचा हाये.’

मी म्हटलं, ‘नेरचा म्हणजे?’

‘म्हंजे तुया. दरसाल पहिला तुया. मंग आमचे. मी म्हनो, ही कोन हाये एवढी राजाची पोर? तिले घरी बापही हाये, आईही हाये, न् पहिला पानगाही तिचाच? एका वर्सी मी उचलून खाऊन टाकला. बाईनं मारलं नाही. पन परत येतवरी माह्याशी बोलली नाही. त्याच्यानंतर मी कदी हात नाही लावला, बाप्पा.’

मला भरून यायला हवं होतं आणि थोडं आलंही. इतकी वर्षं ज्याला उरलेला समजले तो पहिला होता, त्यासाठी कुणी उपाशी पोटी माझ्या नावाने बोटं मोडत होतं, हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही? पण मन कसलं हलकट असतं बघ. पुढच्याच क्षणी वाटलं, पहिला असेल, पण गार. त्यांना दुसरा मिळाला, तिसरा मिळाला, पण विस्तवावरून काढलेला, पान सोलताना बोटं भाजणारा. आणि तो देणारा हातही तिथेच, तुषारांनी ओला. माझा पहिला पानगा खलबत्त्यात गेला. तू मला विसरत नव्हतीस हे कळलं, आई, पण विसरली असतीस आणि मी त्या शेवटच्या बाकावर असते, तर मी तेच घेतलं असतं.

विस्तवातून पहिला पानगा निघाला. तिने तो पानासकट चिमट्याने उचलला आणि न सोलता अंगणाच्या भिंतीवर वेगळा ठेवला. मी विचारलं, हा कशाला? ती म्हणाली, ‘हा बाईचा. तुमची आई गेली तवापासून आमी कोठीही पानगे केले का पहिला तिचा काढतो. ती तुयासाठी काढे, आमी तिच्यासाठी काढतो. सहस्रकुंडले तिथला पहिला पान्यात सोडाचा हाये. तू सोडजो, पोरीचाच मान हाये तो.’ एरवी ‘तू’ म्हणणारी ती, तुझ्या जाण्याचा विषय निघाला आणि ‘तुमची आई’ म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तुला माझ्या नावावर केलं. मग तूप हवं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. माझ्याच घरात, डबा कुठे आहे ते न विचारता.

पुढच्या आठवड्यात आम्ही निघू. मी खिडकीपाशी बसणार आहे, हे मी ग्रुपवर आधीच लिहून टाकलंय, आणि सगळ्यांना तो विनोद वाटला. तिथे पहिला पानगा मी पाण्यात सोडेन असं त्या धरून चालल्यात. मी सोडेन की नाही, मला आज सांगता येत नाही. हे सगळं लिहून कुठे टाकू, रोज दुसऱ्यांच्या टपालावर शिक्के मारते मी, तुझ्या गावाचा पिन कोड आमच्याकडे नाही. कणकेच्या डब्याखाली ठेवून देईन.

फक्त एक तुला सांगायचं राहिलं. ती तूप घेऊन बाहेर आली तेव्हा भिंतीवर नुसतं पान होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मांजर आलं होतं. ती म्हणाली, ‘बरं,’ आणि दुसरा पानगा वेगळा काढला. आई, तुझ्या वाट्याचा तो पानगा मी खाल्ला. उभ्या उभ्या, तूप न लावता, पान नीट सोलायलाही धीर धरला नाही. जीभ अजून हुळहुळतेय. गरम होता.