भाल्याने ‘व्हय’ म्हटलं नाही

कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व
फेब्रुवारीतला पहिला रविवार

ती. दाजी आणि ती. अक्का यांच्या पायांशी धाकट्या काशीरामचा, दोन्ही हात मोकळे असते तर साष्टांग घातला असता असा, नमस्कार. (डावा हात भाल्याच्या पोटाखाली अडकला आहे. तो झोपला आहे, उठवत नाही.)

इकडे सर्व ठीक. दाजी, तुमच्या गुडघ्याचं काय? मागच्या वेळी निरगुडीच्या तेलाने फरक पडला म्हणालात, आणि त्याच वाक्यात वैद्य चोर आहे असंही म्हणालात, तेव्हा नक्की काय समजायचं ते कळलं नाही. अक्काची साखर आटोक्यात असेल, निदान तुमच्यासमोर तरी. पाचगणीला थंडी अजून असेल. त्या थंडीबद्दल खाली लिहायचं आहे, पण आधी मुद्द्याचं सांगतो: टेम्पो पाठवू नका. सांगितला असेल तर रद्द करा. कुत्रा येत नाही. आम्ही जिंकलो.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मागे भाल्याला घरात आणलं तेव्हा मी तुम्हाला फोन केला आणि सगळा वेळ ऐकतच बसलो. हा कुत्रा नव्हे लांडगा आहे, चावेल. हा बर्फातला प्राणी, मुंबईत मरेल. आणि त्याआधी सोसायटी तुम्हाला बाहेर काढेल. तुम्ही पाचगणीच्या शाळेच्या बागेवर जन्म काढलात, झाडापाल्यातलं तुम्हाला कळतं हे मला मान्य आहे. पण आज कागद माझा आहे आणि पेनही माझं आहे.

चावण्याचं आधी घेतो. दाजी, हस्की जातीचा कुत्रा दिसतो लांडग्यासारखा, पण स्वभावाने तो लग्नघरातल्या यजमानासारखा असतो. येईल त्याचं स्वागत. वीज मीटर बघायला माणूस आला तर भाल्याने त्याला मीटर सोडून थेट स्वयंपाकघरात नेऊन फ्रीज दाखवला. राखण म्हणून त्याचा उपयोग शून्य आहे. चोर आला तर आमच्या तिजोरीची चावी कुठे असते ते तो शेपूट हलवत दाखवील. (तिजोरीत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे आम्ही निर्धास्त आहोत.) भुंकत तर नाहीच. तोंड वर करून लांबलचक ‘आऊऊऊ’ करतो. कुकरची शिट्टी झाली की आऊऊ, हायवेवर ॲम्ब्युलन्स गेली की आऊऊ, नलिनी फोनवर तिच्या बहिणीशी बोलायला लागली की तिच्याहून जास्त आऊऊ. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे त्यानेच आमची लाज राखली.

तो घरी आला कसा, हे अक्काला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्या चिरंजीवांचा, नितेशचा, पवईच्या ऑफिसातला साहेब कॅनडाला गेला. आता बघा, माणूस गेला बर्फात आणि बर्फातला कुत्रा ठेवून गेला विक्रोळीत. नितेश म्हणाला, चार दिवस ठेवू. चार दिवसांनी नितेशची बदली हैदराबादला झाली आणि कुत्रा आमच्याकडे राहिला, जशी त्याची सायकल राहिली आणि गिटार राहिली. साहेबाने काहीतरी विलायती नाव ठेवलं होतं, ते नलिनीच्या जिभेवर बसेना. तिने भालचंद्र ठेवलं. नाव ठेवलं तरी त्याच दिवशी तिने जाहीर केलं की या घरात एक तर हा राहील नाहीतर मी. हे ती रोज जाहीर करायची, त्याचे केस विंचरता विंचरता. (वर्षातून दोनदा हा अंगावरची सगळी लोकर सोडतो, दाजी. सोलकढीत केस, उशीत केस, देवाच्या निरांजनात केस. एका रविवारी निघालेल्या केसांतून दुसरा कुत्रा झाला असता.)

त्यावर मी एक शहाणपणा केला होता, तोही लिहितो, म्हणजे पत्र एकतर्फी वाटणार नाही. मार्चच्या उकाड्यात मी आमच्या न्हाव्याला मशीन घेऊन बोलावलं. मशीन सुरू व्हायच्या आत भाल्याच्या डॉक्टर दीप्ती यांचा फोन आला, कारण नलिनीने त्यांच्याकडे चहाडी केली होती. डॉक्टरीणबाई मला पोरासारखं झापल्या. म्हणाल्या, ती लोकर थंडीसाठी आहे तशी उन्हासाठीही आहे, कापलीत तर त्याची कातडी भाजेल. कापायची नाही, फक्त विंचरायची. मग न्हाव्याला चहा पाजून माझीच कटिंग करून घेतली.

तर उन्हाचं असं आहे. भाल्याला फिरवायचं ते उजाडायच्या आत, आणि निघताना आधी रस्त्याला तळहात लावून बघायचा. आपल्याला सोसवेना तर त्याच्या पंजाला कसं सोसेल. दुपारी पंजे आणि पोट ओलं करायचं. गोठवलेल्या ताकाचे, बिनमिठाचे, तुकडे चघळायला द्यायचे. आणि एसी. होय, आम्ही एसी घेतला. माझ्या बायपासनंतर नलिनीने घेऊ दिला नव्हता, पंखा पुरतो म्हणाली होती. नाकावर मध्यंतरी खपल्या आल्या. या जातीला जस्त कमी पडतं म्हणे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. एक डोळा निळा आणि एक तपकिरी आहे. नलिनीला वाटलं मोतीबिंदू, म्हणून शेजारणीच्या सल्ल्याने ती डोळ्यात गुलाबपाणी घालणार होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो रंग जन्माचाच आहे, पण या जातीला डोळ्यांचे आजार होतात खरे, म्हणून दरवर्षी तपासायचे. माझे डोळे गेल्या सात वर्षांत कोणी तपासलेले नाहीत. भाल्या खातो मात्र कमी. उकडलेला बांगडा, काटे काढून, आणि थोडा भात. काटे नलिनी काढते. माझे काटे आयुष्यभर मीच काढलेत.

आता सोसायटीचं. आमचे सेक्रेटरी घाडीगावकर तुम्ही पाहिलेत. नितेशच्या लग्नात देवाला गाऱ्हाणं त्यांनीच घातलं होतं, इतकं लांब की वरातीचा घोडा बसला. माणूस शिस्तीचा आणि गाऱ्हाण्यावर जिवापाड श्रद्धा. लिफ्ट बसली, गाऱ्हाणं. टाकी धुतली, गाऱ्हाणं. त्यांच्या मते गाऱ्हाण्यात मागितलेलं आणि लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलेलं म्हणजे देवाच्या दरबारात नोंद झालेलं. मग त्यात फेरफार नाही.

तर हा भाल्या नाकाने कडी उघडतो. (पळून जाणं या जातीच्या रक्तातच आहे, हे आम्हाला उशिरा कळलं.) एका दुपारी तो सुटला, दार उघडं दिसलं तिथे शिरला आणि गार हवा लागली तिथे आडवा झाला. ती घाडीगावकरांची झोपायची खोली होती आणि एसीखाली घाडीगावकर झोपले होते. त्यांनी कूस बदलली, डोळे उघडले तर समोर उशीवर लांडग्याचं तोंड, एक डोळा निळा. भाल्याने प्रेमाने त्यांचं पूर्ण तोंड चाटलं. यात चावल्याची एकही खूण नव्हती, हे मी नंतर सगळ्यांना दाखवून दिलं, पण ऐकतो कोण. घाडीगावकरांनी निकाल दिला की सव्वीस जानेवारीच्या पूजेनंतर सभा, आणि सभेत कुत्र्याचा ठराव. बहुतेक लोक त्यांच्या बाजूचे होते. तेव्हाच मी तुम्हाला लिहिलं की दाजी, न्या याला. ते पत्र लिहिताना माझा घसा दुखत होता, दुसरं काही नव्हतं. आणि तुम्ही लगेच अंगणात त्याच्यासाठी पत्र्याचं घर बांधायला घेतलंत. त्याबद्दल तुम्हाला शिव्या देण्याआधी मी आभारही मानतो.

सव्वीस तारखेला खाली सत्यनारायण मांडला. नलिनी भाल्याला धरून वर आमच्या गॅलरीत कठड्याआड बसली, कारण त्याला खाली आणायची बंदी होती. मी खाली, मागच्या रांगेत, मयताला आल्यासारखा. आरती झाली आणि घाडीगावकर गाऱ्हाण्याला उभे राहिले. बा देवा म्हाराजा, आज ही जी काय पूजा घातलेली आसा ती गोड मानून घे रे म्हाराजा, असं त्यांनी सुरू केलं, आणि आम्ही सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार त्याच्या आधी तिसऱ्या माळ्यावरून आलं, आऊऊऊऊ. लोक हसले, मग म्हणाले, व्हय म्हाराजा. पोराबाळांचं शिक्षण, आऊऊऊ, व्हय म्हाराजा. पाण्याची लाईन, आऊऊऊ, व्हय म्हाराजा. दाजी, काय सांगू, थोड्या वेळाने लोकांना त्याचीच सवय झाली. आधी तो, मग मंडळी. पोरं तर माना वर करून वाटच बघायची. घाडीगावकरांनाही चेव चढला होता, इतका जोरदार ‘व्हय’ त्यांना कधी मिळाला नसेल.

आणि मग त्यांनी ते मागितलं. “जो काय लांडगो तिसऱ्या माळ्यार येवन ऱ्हवलो आसा, तेका जयसून इलो थंय धाड रे म्हाराजा.”

म्हणजे, आला तिथे परत पाठव. सगळ्यांनी वर बघितलं. वरून काही नाही. लोक थांबले. भाल्या म्हणत नाही म्हणून कोणीच म्हणेना. शेगडीवरच्या शिऱ्याचा आवाज ऐकू येत होता. घाडीगावकर हात जोडून उभे, मान वर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घाम. शेवटी त्यांनी घसा खाकरून पुढचं घेतलं, की सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा. आणि वरून असा आऊऊऊऊऊ आला, दाजी, की पलीकडच्या बिल्डिंगीतले लोक खिडक्यांत आले. खाली मंडळी एका आवाजात ओरडली, व्हय म्हाराजा. मी सगळ्यांत मोठ्याने. मला रडू आलं, ते सरळच सांगतो.

घाडीगावकरांनी हात खाली केले आणि एवढंच म्हणाले, “देवान घेतला नाय.” सभा झाली नाही. शिरा वाटला गेला. दुसऱ्या दिवशी ते वर आले, भाल्यासमोर बसले, भाल्याने परत त्यांचं तोंड चाटलं, आणि या खेपेला त्यांनी ते पुसलं नाही. मे महिन्यात नातवाची मुंज आहे, तिथे गाऱ्हाण्याला भाल्याला घेऊन या म्हणाले. आता तुम्हीच सांगा, लांडग्याला मुंजीचं आमंत्रण येतं का? मुका जीव, पण कुठे गप्प बसावं ते त्याला कळलं. तुम्हाला अजून कळलेलं नाही, हे आदराने लिहितो.

अक्काला नमस्कार. पत्राचं उत्तर फोनवर देऊ नका.

आपला,
काशीराम

ता. क. : ते पत्र्याचं घर मोडू नका.

दुसरा ता. क. : एप्रिल आणि मे भाल्याला तुमच्याकडे ठेवावं म्हणतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, थंड जागी राहिला तर बरं. मुंजीपुरता एक दिवस खाली आणीन. माझ्याशिवाय तो जेवत नाही, तेव्हा मीही येईन. टेम्पोवाल्याला पूर्ण नाही म्हणू नका, तारीख तेवढी बदला.

तिसरा ता. क. : (हे मी, नलिनी, लिहिते. हे पाकीट आणायला गेलेत.) अक्का, यांनी लिहिलेलं बाकी सगळं खरं आहे, पण कुत्र्याला काही कळलं वगैरे नाही. घाडीगावकर भाऊजी ‘लांडगो’ म्हणाले तेव्हा भाल्याने तोंड उघडलंच होतं. मी त्यात गोठवलेल्या ताकाचा हा एवढा मोठा तुकडा कोंबला आणि तो चघळून होईपर्यंत दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून बसले. देवाने पाहिलं असेल, पण तो काही बोलला नाही. तुम्हीही बोलू नका, दाजींना तर मुळीच सांगू नका. मीही येते आहे, नाहीतर त्याला विंचरणार कोण. भाल्या माझ्याबरोबर आतल्या खोलीत झोपेल. पत्र्याचं घर यांना होईल.