गुरचरणातले सुरुंग

मुलुंड, मंगळवार, १३ मार्च १९५६

आजही मागच्या डोंगरावर सुरुंग उडाले नि बायकोने अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर धूळ बसली. डोंगर सरकारी. मग तो फोडायची परवानगी कुणाला दिलीय, एवढंच विचारायला पुन्हा कचेरीत गेलो. विचारणं गुन्हा आहे का? कारकून दप्तर चाळून म्हणाला, "तिथे खाण नाहीच. गुरचरण आहे."

"मग पापडांवर धूळ काय गुरांनी उडवली?"

"खाणच नाही, तर तक्रार कशाची घेऊ?"

डोकंच फिरलं. वैतागून भिंतीला पाठ टेकली, तर खेकसला, "टेकू नका हो, भिंत नवी आहे!" आणि वर कौतुकाने म्हणतो कसा, "दगड बघा काय झकास! तुमच्या मुलुंडच्या डोंगरातलाच."